'उड्डाणाचा वेळ' की 'उड्डाणाची वेळ'?

सानपाडाकर: एका प्रवास कंपनीच्या पानाचं मराठी करतेय. मुंबई–दिल्लीच्या तक्त्यात दोन रकाने आहेत, अंतर आणि विमानाला लागणारा वेळ. दुसऱ्यावर मी 'उड्डाणाचा वेळ' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी 'उड्डाणाची वेळ' केलं, म्हणाल्या वेळ स्त्रीलिंगीच. आता पानावर दिसतं, 'उड्डाणाची वेळ : २ तास १५ मिनिटे'. वाचणाऱ्याला वाटणार विमान सव्वादोनला सुटतं. रकाना अरुंद आहे, एखाद-दोन शब्दच मावतात. काय लिहू?

लिंबूटिंबू: तुमचंच बरोबर आहे, हटू नका. गाडीची वेळ झाली, पण गाडीला अजून वेळ आहे. जेवायची वेळ टळली, पण जेवायला वेळ लागला. घड्याळातला क्षण ती वेळ, खर्च होतो तो वेळ. इतका नेमका भेद भाषेत आयता असताना तो पुसायचा कशाला?

शुद्धमती: भेद मान्य, पण शीर्षकात लिंगावर भिस्त ठेवू नये. 'उड्डाणकाल' किंवा 'उड्डाणावधी' घ्या. तत्सम शब्द आहेत, संदिग्धता नाही.

परळचा: 'उड्डाणावधी' मोठ्याने वाचून बघा! मुदत ठेवीच्या पावतीवरचा शब्द वाटतो. पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या माणसाला तो कळायला हवा ना? सरळ 'लागणारा वेळ' लिहा.

शुद्धमती: 'महापौर'सुद्धा एकेकाळी कानाला खटकलाच असेल. वापरल्याशिवाय शब्द रुळत नाहीत.

धावपट्टी२७: मुळात 'उड्डाण'च चुकीचं आहे. वेळापत्रकातले सव्वादोन तास जागेवरून विमान हलल्यापासून तिकडे जागेवर उभं राहीपर्यंतचे असतात. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते आणि रांगेत थांबावं लागतं. प्रत्यक्ष हवेत विमान त्याहून बरंच कमी असतं. 'प्रवासाचा वेळ' म्हणा.

परळचा: मग घरून विमानतळ गाठायचा वेळ कोण धरणार? आमच्याकडे गावाचं अंतर कोणी मैलात सांगतच नसे. भाऊच्या धक्क्यावरून बोट धरायची आणि विचारलं तर उत्तर, 'एक रात्र'. 'मजल दरमजल'मधली मजलही तशीच, एका दिवसात कापायची वाट. मूळ अरबी मंजिल. अंतर आणि वेळ एकाच शब्दात.

लिंबूटिंबू: अंतराचाही प्रश्न आहेच. दिल्ली विमानाने साधारण ११४० किलोमीटर, रेल्वेने १३८०च्या वर. रकान्यात नुसतं 'अंतर' नको, 'हवाई अंतर' हवं.

शुद्धमती: आणि लंडनचा तक्ता आला की? वरच्या थरातले वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून जाताना येण्यापेक्षा साधारण तासभर जास्त लागतो. एका ओळीत एकच आकडा लिहिला तर अर्धे वाचक फसतील.

वऱ्हाडी: लंडन राहू द्या, नागपूरचं बोला. रेल्वेने ८३७, समृद्धी महामार्ग ७०१, विमानाने सातशेच्या आत. यातलं खरं अंतर कोणतं?

परळचा: समृद्धी भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंतच. तिथून दादर गाठायला किती लागतो ते आधी सांगा.

वऱ्हाडी: किती लागतो की किती लागते?

सानपाडाकर: पान उद्या सकाळी जायचंय. कोणीतरी एक शब्द सांगा.

धावपट्टी२७: आमण्याहून रात्री निघालात तर फार नाही लागत. ठाण्यात मात्र अडकता.