वरचं खाणं सुरू झालं, सांडलवंड कशी आवरता? सांगली-साताऱ्याकडच्यांनी अनुभव लिहा

लेक साडेसात महिन्यांची झालीय. सहा महिने पूर्ण झाल्यावर तिच्या मामाच्या हातनं उष्टावण झालं, चांदीच्या वाटीत खीर, नवीन फ्रॉक, सगळं छान झालं. दुसऱ्या दिवसापासून मात्र नाचणी कानात, केसात, माझ्या गाऊनच्या बाहीत आणि भिंतीवर. विश्रामबागला फ्लॅट आहे आमचा, घरात आम्ही तिघंच, नवरा सकाळी आठला बाहेर पडतो, म्हणजे भरवायचं पण मीच आणि नंतर खाली बसून पुसायचं पण मीच. दिवसातनं दोनदा. म्हणून हा धागा काढतेय. तुमच्याकडं खरंच काय उपयोगी पडलं ते सविस्तर लिहा.

आधी माझं सांगते. मी प्रत्येक घासाला तिचं तोंड पुसत होते. डाव्या हातात ओलं फडकं तयारच असायचं. पंधरा दिवसांनी असं झालं की मी वाटी घेऊन बसले की ती मान फिरवायची, ओठ घट्ट मिटायची, मला वाटलं हिला नाचणी आवडत नाही, मग तांदळाची पेज करून बघितली, मुगाची केली, तेच. एकदा आई आली होती, तिनं नुस्तं बसून बघितलं आणि म्हणाली अगं ती चमच्याला नाही तोंड फिरवत, त्या फडक्याला फिरवतीय. मला फार वाईट वाटलं त्या दिवशी. तेव्हापासून फडकं स्वयंपाकघरातच ठेवते आणि सगळं खाऊन झाल्यावर एकदाच, कोमट पाण्यात भिजवून, आधी हात आणि मग तोंड. तीन-चार दिवसांत मान फिरवणं थांबलं.

दुसरं म्हणजे चमचा. मी चमचा आत घातला की वरच्या ओठाला घासून बाहेर ओढायचे, घास आत राहावा म्हणून. तो राहायचाच नाही, निम्मा जिभेनं बाहेर आणि हनुवटीवरनं ओघळ थेट गळ्याच्या घडीत. आता चमचा खालच्या ओठावर टेकवते आणि थांबते. ती आधी बघते. मग आपणहून पुढं येते, वरचा ओठ खाली आणते आणि चमचा पुसून घेते, मग मी सरळ मागं घेते. एवढं थांबायला शिकले तर निम्मी सांडलवंड कमी झाली. बाकीची निम्मी कशी करायची ते तुम्ही सांगा.

कराडची आशाताई

ताई तुम्ही चमच्याचं बरोबर ओळखलंत. मी आशा, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती, म्हणून काम करते, बाळ ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांचं झालं की आम्ही घरी भेट देतो, त्यातल्या सहाव्या महिन्याच्या भेटीत वरच्या खाण्याचं सांगतो. मी प्रत्येक घरात पहिल्यांदा वाटी बघते. निम्म्याहून जास्त घरात त्यात पाणीच असतं, डाळीचं वरचं पाणी, भाताची पातळ पेज. ते ओघळणारच. आणि नुस्तं ओघळतं असं नाही, त्यानं बाळाचं पोट भरतं पण अंगाला काही लागत नाही. चमचा तिरका केला तरी घास पटकन खाली पडला नाही पाहिजे, एवढं घट्ट करा. गुरगुट्या भात आणि मुगाची डाळ बोटांनी कुस्करा, वर अर्धा चमचा तूप. मिक्सर नको, बोटांनी कुस्करलेलं बरं, बाळाला जरा चावायची सवय लागते.

सुरुवातीला दोन-तीन चमचेच द्यायचं. सहा ते आठ महिन्यांत दिवसातनं दोन-तीन वेळा, नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा, आणि अंगावरचं दूध दोन वर्षं आणि पुढंही चालू. वाटी भरून घेऊन बसलं की आईला वाटतं सगळं संपलंच पाहिजे, मग ओढाताण होते आणि सांडतं ते त्या ओढाताणीत. वाटीत दोन चमचेच घ्या, लागलं तर परत घ्या. वर्षाच्या आत मीठ-साखर घालू नका, आणि मध तर अजिबात नको, कुणी कितीही आग्रह केला तरी.

दहिवडी, माण

आमच्याकडं उन्हाळ्यात टँकरचं पाणी असतं, त्यामुळं तुम्ही सगळे म्हणता तसं धुऊन टाका, पुसून घ्या हे आम्हाला परवडत नाही. माझी दोन्ही पोरं टँकरच्या दिवसांतच वरचं खायला लागली. मी काय करत होते सांगते. जुनी सुती साडी चौघडी करून खाली अंथरायची, त्यावर पोरगं. खाऊन झालं की साडी लगेच धुवायची नाही, चारी टोकं उचलून उन्हात दोरीवर टाकायची. भात वाळला की खडखडीत होतो, झटकला की सगळा पडतो, चिमण्या येऊन खातात. ओलं असताना पुसायला जाल तर तो भात पसरतो आणि चिकटतो, त्याला दुप्पट पाणी लागतं. फरशीवर पडलेल्याचं पण तेच, तासभर वाळू द्या मग केरसुणीनं गोळा करा, फक्त तोवर मुंग्या येणार नाहीत एवढं बघा. गूळ नसेल तर फारशा येत नाहीत.

हातपाय धुवायला एक तांब्या. बाळाला परातीत उभं धरायचं, वरनं तांब्या सोडायचा, परातीतलं पाणी कढीपत्त्याला. असं दोन वर्षं केलंय मी.

हळदीच्या घरातली सून, सांगली

डागांबद्दल मी लिहिते कारण आमच्या घरात तीन पिढ्या हळदीचा व्यवहार आहे आणि कपड्यांना हळद लागणं हे आमचं रोजचंच. सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावभर कौतुक झालं, पण बाळाच्या पांढऱ्या झबल्याला ती लागली की सगळ्या आया रडकुंडीला येतात.

वरणात हळद असते आणि वर तूप असतं, आणि हळदीचा रंग तेला-तुपात विरघळतो, पाण्यात नाही. म्हणजे नुस्तं पाण्यानं चोळलं तर तो निघत नाही, पसरतो. आधी सुक्या पिठानं, बेसन असलं तरी चालेल, तूप टिपून घ्या. मग साबण लावा. साबण लावला की डाग लालभडक होतो, त्याला घाबरू नका, हळद साबणाच्या खारेपणानं लाल होते, कुंकू आपण तसंच करतो हळदीत चुन्याची निवळी घालून. पाण्यानं नीट खळबळलं की परत पिवळा होतो. आणि मग शेवटचं काम उन्हाचं. ओलंच झबलं दुपारच्या कडक उन्हात डाग वर करून वाळत घाला. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, दोन-तीन उन्हं खाल्ली की फिकट होत होत जातो. माझ्या सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मला हे दाखवलं होतं, तेव्हा माझीच साडी होती.

केळं आणि चिकू मात्र वेगळं प्रकरण. ते लागलं तेव्हा दिसतच नाही, संध्याकाळी काळं पडतं आणि मग काही केल्या जात नाही. केळं भरवलं की झबलं तेवढ्यातच गार पाण्याखाली धरा. गार. गरम नको.

कुपवाडचा बाबा

मी एमआयडीसीत शिफ्टला आहे, सेकंड शिफ्ट असली की सकाळचं भरवणं माझ्याकडं. बायको बँकेत जाते. सुरुवातीला माझ्याकडं फारच सांडायचं, कारण पोरगा चमचा हिसकायचा आणि मी परत काढून घ्यायचो, त्या झटापटीत सगळं हवेत. मग मी दोन चमचे घ्यायला लागलो. एक त्याच्या हातात कायमचा, तो त्यानं चावावा, आपटावा, काहीही करावं. दुसऱ्यानं मी भरवतो. आणि आता आठवडाभर झाला, मी माझा चमचा भरून त्याच्यापुढं धरतो, तो घेतो, त्याचा रिकामा मला देतो. देवाणघेवाण चालू असते आमची. एक-दोन वेळा डोळ्याला लागतं, पण एक-दोन वेळा बरोब्बर तोंडात जातं आणि तेव्हा तो माझ्याकडं जे बघतो ना, ते बघायला मी शिफ्ट बदलून घेईन.

लाळेरं बाजारात मिळतं ते पुरत नाही, बाह्या उघड्याच राहतात. माझा जुना हाफ शर्ट उलटा घालतो, बटणं पाठीकडं, बाह्या त्याच्या मनगटापर्यंत येतात, गुडघ्यापर्यंत सगळं झाकलं जातं. खाली टाकायला प्लॅस्टिकचं पोतं उसवून घेतलंय.

हळदीच्या घरातली सून, सांगली

दादा, पोतं कशाचं आहे? खताचं असेल तर कृपा करून वापरू नका, कितीही धुतलं तरी. ही पोरं खाली पडलेलं उचलून तोंडात घालतात.

कुपवाडचा बाबा

वहिनी, साखरेचं आहे, कारखान्याचं. पण बरं झालं लिहिलंत, शेजाऱ्यांकडं खताचंच अंथरतात, आजच जाऊन सांगतो.

तासगावकर

आमच्याकडं घरात द्राक्षाला तोटा नाही, आणि पोरीला द्राक्ष हातात धरून चिरडायला फार आवडतं. एक कळकळीची विनंती, अख्खं द्राक्ष कुणीही देऊ नका, तोंडात पण नको आणि खेळायला पण नको. घशात बरोबर बसतं ते. उभे चार काप करा, बी असेल तर काढा. बेदाणा रात्री भिजवून वाटून खिरीत घाला, साखरेची गरज राहत नाही. पण तो हाताला फार चिकटतो, खाल्ल्यावर हिरड्या आणि नवे दात ओल्या सुती कापडानं पुसून घ्यायचे.

वाईची आज्जी

नातीनं हा धागा दाखवला. मी चार पोरं आणि सात नातवंडं भरवली. आमच्या वेळी पाय लांब करून बसायचं, पायावर बाळ आडवं, आणि बोंडल्यानं, म्हणजे चोचीच्या वाटीनं, तोंडात सोडायचं. सांडायचं नाही काही, सांडलंच तर शेणानं सारवलेली जमीन, कोंबड्या फिरत असायच्या. पण बाळ ठसकायचं. माझा मधला एकदा असा ठसकला की निळा पडला, पाठीवर थापट्या मारून मारून आणला. त्याला आता चाळीस वर्षं होऊन गेली, तरी बोंडलं बघितलं की माझ्या पोटात गोळा येतो. म्हणून आता सुनांना सांगते, पसारा झाला तर होऊ दे, बाळ बसवूनच भरवा. मांडीत बसवायचं, त्याची पाठ आपल्या पोटाला, म्हणजे मान सरळ राहते. आणि आपला डावा हात त्याच्या छातीवरनं गेलेला असतो, तेवढ्यानं त्याचे हात आपोआप सावकाश होतात, धरावे लागत नाहीत.

सातारा, राजवाडा

मला एक मांडायचंय, कुणाला राग आला तर माफ करा. बाळ नऊ महिन्यांचं असताना मी कामावर परत गेले आणि त्याला एका पाळणाघरात ठेवलं. तिथून बाळ रोज चकाचक यायचं, कपड्याला एक डाग नाही, मी खूश. महिन्याभरानं लवकर घ्यायला गेले तेव्हा बघितलं, झोपाळ्यात बसवलेलं, समोर मोबाईल, आणि त्याच्या नकळत तोंडात घास जातायत. तो गिळत होता पण काय खातोय त्याच्याकडं त्याचं लक्षच नव्हतं. घरी मोबाईल नसला की तोंड उघडायचा नाही. ती सवय मोडायला दोन महिने लागले, आणि त्या दोन महिन्यांत माझ्या घरात जो पसारा झाला तो मी आनंदानं पुसला. सांडत नाही म्हणून कुणी मोबाईल लावत असेल तर नका लावू.

कराडची आशाताई

सातारच्या ताई, अगदी खरं. बाळानं अन्नाला हात लावला पाहिजे, तिथंच तो शिकतो. फक्त सगळी वाटी पुढं ठेवायची नाही. ताटलीत एक चमचाभर ठेवा, तेवढ्याचं तो काय करायचं ते करेल. आणि त्यानं चमचा ढकलला, वाटीत थुंकायला लागला, अन्न खाली टाकून बघायला लागला की समजायचं पोट भरलं. लगेच उठायचं. आया तिथून पुढं जी दहा मिनिटं ओढतात ना, सगळं घर त्या दहा मिनिटांत माखतं.

धागा काढलेली

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, आठ दिवसांनी लिहितेय कारण करून बघायचं होतं. नाचणी आता इतकी घट्ट करते की चमच्यावर गोळा उभा राहतो. वाटीत दोनच चमचे. सकाळचं खाणं अंघोळीच्या आधी आणलंय, मोरीत पाटावर मांडीत घेऊन बसते, वाईच्या आज्जींनी सांगितलं तसं, अंगात फक्त लंगोट. झालं की तिथंच दोन तांबे पाणी, मग जरा वेळानं अंघोळ. संध्याकाळी मात्र हॉलमध्ये, बाबाचा शर्ट उलटा घालून.

आणि आशाताई तुम्ही म्हणालात ते शेवटच्या दहा मिनिटांचं, ते माझंच होतं. काल तिनं तिसऱ्या घासाला चमचा हातानं बाजूला केला, मी वाटी खाली ठेवली. तिला काय वाटलं कोण जाणे, माझ्याकडं बघत राहिली, मग स्वतःच वाटीत हात घातला आणि बोटं चोखत बसली. पाच मिनिटं. मी काहीच केलं नाही, फडकं आणायला पण उठले नाही.

उद्यापासून वरण-भात सुरू करतेय, हळदीसकट. गच्चीवर दुपारी ऊन कुठं येतं ते बघून दोरी बांधून आलेय.