दुकानाच्या खोट्या फिर्यादीने भाचा तुरुंगात गेला. दुकानावर भरपाईचा दावा लावावा का?

कळव्याची मावशी
माझा भाचा ठाण्यात एका सराफी दुकानात काउंटरला होता. २०१९ च्या दिवाळीआधी मोजणीत एक साखळी कमी भरली. मालकाने थेट त्याच्या नावाने फिर्याद दिली, नोकराने केलेली चोरी, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ३८१. तीन दिवस पोलीस कोठडी, मग अकरा दिवस ठाणे कारागृह. साखळी मुळात जुन्या गिऱ्हाइकाला जांगड, म्हणजे पसंत पडली तर घ्या नाहीतर परत करा अशा बोलीवर, दिलेली होती. पोरगा आत असतानाच ती परत आली. जांगडवहीत मॅनेजरच्या हातची नोंद आहे. तरी कोणी पोलीस ठाण्यात जाऊन सांगितलं नाही. आमच्या वकिलांनी अर्ज करून ती वही कोर्टात मागवली तेव्हा सगळं उघड झालं. पाच वर्षांनी तो निर्दोष सुटला, त्याला आता दोन महिने झाले. या काळात एकाही सराफाने त्याला कामावर घेतलं नाही, ठरलेलं लग्न मोडलं. बहीण म्हणते, सोडून दे. मला सोडवत नाही.

वाशीचा दुकानदार
पोराचं फार वाईट झालं. तरी दाव्याला माझा विरोध आहे. माझं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. गोडाउनमधून वायरची बंडलं जात होती, मी फिर्याद दिली, माल त्या माणसाच्या घरी सापडला. पुढे पंच फितूर झाले आणि तो सुटला. उद्या त्याने मला कोर्टात खेचायचं? अटक पोलीस करतात, कोठडी मॅजिस्ट्रेट देतात, दोषारोपपत्र पोलीस पाठवतात. आम्ही फक्त कळवतो. सुटला की भरपाई, असं झालं तर छोटा दुकानदार पोलिसांकडे जाणारच नाही. मग नोकराला गोडाउनमध्ये कोंडून मारणारे वाढतील, ते चालेल?

कोर्टनाका
वकिली करतो म्हणून लिहितो. नुसतं निर्दोष सुटणं पुरत नाही. खटला दुकानामुळे उभा राहिला, तो आरोपीच्या बाजूने संपला, फिर्यादीला वाजवी कारण नव्हतं, हेतू दुष्ट होता आणि नुकसान झालं, हे सगळं वादीनेच सिद्ध करायचं. वाशीकर, तुमचा माल सापडला होता, म्हणजे तुमच्याकडे वाजवी कारण होतं. पण ‘आम्ही फक्त कळवतो’ हे दर वेळी टिकत नाही. गया प्रसाद विरुद्ध भगत सिंग या खटल्यात १९०८ सालीच प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, सांगितलं, की तक्रारदाराचं फिर्यादीआधीचं आणि नंतरचं वागणं बघा.

मावशी, मुदत सांभाळा. १९६३ च्या मुदत कायद्यात अनुच्छेद ७४ प्रमाणे दुष्ट हेतूने खटला भरल्याच्या भरपाईला निर्दोष सुटल्यापासून एकच वर्ष मिळतं. बेकायदा डांबल्याच्या भरपाईला अनुच्छेद ७३, तिथे वर्ष कैद संपल्यापासून मोजतात. ती वाट केव्हाच बंद झाली.

वाशीचा दुकानदार
पहिल्या दिवशी साखळी खरंच दिसत नव्हती ना? वही बघायची राहिली ही चूक. चुकीला दुष्ट हेतू म्हणू नका.

कळव्याची मावशी
शंका आली हे मी समजू शकते. पण काउंटरला चौघं होते, नाव याचंच का? पंधरा दिवस आधी त्याने सगळ्यांसमोर विचारलं होतं, पगारातून कापलेला पीएफ भरता का? आणि साखळी परत घेऊन ट्रेमध्ये ठेवणारा मॅनेजर दोन वर्षांनी शपथेवर म्हणाला, ‘साखळी आजवर मिळालेली नाही.’ दादा, ही चूक?

घोडबंदर
मला पोलिसांचं कोणी बोलत नाही याचं आश्चर्य वाटतं. सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नका असं बजावलंय. ३८१ त्यातच येतं. जांगडवही तेव्हाच तपासली असती तर? २०१८ मध्ये विधी आयोगाने २७७ व्या अहवालात अशा लोकांना सरकारनेच भरपाई द्यावी अशी शिफारस केली. एकट्या दुकानाला धरणं मला पटत नाही.

कोर्टनाका
पोलिसांची चूक आहेच. पण शपथेवरचं ते वाक्य दुकानाचं आहे. मॅनेजरच्या साक्षीची आणि निकालाची प्रमाणित प्रत आधी काढा. वकिलाचा खर्च झेपत नसेल आणि उत्पन्न मर्यादेत असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

वाशीचा दुकानदार
शपथेवर तसं म्हटलं असेल तर मी त्या दुकानाच्या बाजूने उभा राहणार नाही. मात्र भरपाईचा आकडा फुगवू नका. बुडालेला पगार, वकिलाची फी, जे कागदावर दाखवता येईल तेवढंच मागा.

कळव्याची मावशी
मोडलेल्या लग्नाचा कागद कुठून आणू? बाकीचे गोळा करते. प्रती काढायला सोमवारी भाच्याला घेऊन जाते आहे. तो त्या इमारतीत पुन्हा पाय ठेवायला तयार नव्हता, काल रात्री हो म्हणाला.