रील पाहून आलेला दुसऱ्यांदा का येत नाही?

गो-कार्टिंगकडे (छोट्या, बुटक्या रेसिंग गाड्यांच्या शर्यतींकडे) नवे लोक ओढायला पोस्टर-रील्स करा, असं सुचवलं जातं. रीलमुळे लोक ट्रॅकवर येतात हो, पण दुसऱ्यांदा येत नाहीत, खरी गळती तिथे आहे.

नवख्यांना १२५ सीसी टू-स्ट्रोक रोटॅक्स (स्पर्धेच्या कार्टचं इंजिन) दाखवूच नका, खर्च ऐकूनच पालक पळतात. होंडा जीएक्स २०० इंजिनाच्या (१९६ सीसी, फोर-स्ट्रोक) भाड्याच्या कार्ट घ्या. १० मिनिटं सराव, ५ मिनिटं क्वालिफाइंग (शर्यतीत कोण कितव्या जागेवरून सुटणार ते ठरवणारी फेरी), १२ लॅपची (ट्रॅकच्या फेऱ्यांची) शर्यत. कार्ट चिठ्ठी टाकून वाटा, नाहीतर 'माझीच कार्ट ढिली' हे ठरलेलं. किमान वजन ७५ किलो धरून हलक्यांच्या सीटला शिशाच्या पट्ट्या बोल्टने आवळा.

ब्रीफिंगमध्ये (शर्यतीआधीच्या सूचनांमध्ये) एक गोष्ट घोकून घ्या: डावा पाय ब्रेक, उजवा थ्रॉटल (वेग देणारं पेडल), दोन्ही एकदम कधीच नाही. तसं केलं की सेंट्रिफ्यूगल क्लच (इंजिनाचा वेग वाढला की आपोआप चाकांना जोडणारा भाग) घसरतो, तापतो, जळका वास येतो, आणि दिवसभरासाठी एक कार्ट कमी. मागचा अ‍ॅक्सल सलग, डिफरेन्शियल (वळणात दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नाही; वळणात ब्रेक मारला तर मागची चाकं घसरून कार्ट गिरकी घेते. म्हणून ब्रेक वळणाआधी, सरळ रेषेत. थंड टायरवर पहिल्याच लॅपला गिरक्या इथेच होतात. ओढणी, मोकळे केस आत खोचले नसतील तर कार्टमध्ये बसवूच नका.

लॅप टाइमचा कागद मात्र प्रत्येकाच्या हातात द्या. पुढच्या वेळी तो स्वतःचाच आकडा मोडायला येतो.