व्हॅलेटाचे चढउतार आई-बाबांना झेपतील का?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर): सप्टेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन माल्टातील व्हॅलेटा या जुन्या बंदरनगरीत तीन दिवस राहण्याचा विचार आहे, बाबांचे गुडघे दुखतात, तेव्हा तेथे फिरणे त्यांना जमेल का?

उत्तर १: १५६५ च्या तुर्की वेढ्यानंतर लगेच, १५६६ मध्ये, उंचवट्यावर वसवलेले हे शहर असल्यामुळे माथ्यावरचा मुख्य रस्ता सोपा असला तरी आडव्या गल्ल्या थेट पायऱ्यांनी बंदराकडे उतरतात. अप्पर बराक्का बागेतून मात्र खाली जाण्यासाठी लिफ्ट आहे आणि तेथून समोरच्या काठावर फेरीबोट जाते.

उत्तर २: सेंट जॉन्स को-कॅथेड्रलमधील कॅराव्हाज्जोचे १६०८ चे चित्र चुकवू नये, त्याने स्वाक्षरी केलेले ते एकमेव चित्र आहे. गॉगल न्यावा, कारण नागपूरच्या उन्हाची सवय असलेल्यांनाही पिवळसर चुनखडीच्या भिंतींवरचा झगझगाट सोसत नाही.

प्रश्नकर्ता: आभार. लिफ्टचे ऐकून बाबा निम्मे तयार झाले आहेत.