समुद्रात लोह टाकून मिळणारं कार्बन क्रेडिट घ्यावं का? सल्ला हवा

शिरोलीकर:
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री आहे. थोडं कास्टिंग युरोपात जातं आणि तिकडचं गिऱ्हाईक आता कार्बनचा हिशेब मागायला लागलंय. परवा एक एजंट येऊन गेला. म्हणाला, दक्षिण महासागरात लोह टाकतात, त्यावर शेवाळ वाढतं, ते कार्बन खातं आणि मरून तळाशी जातं. त्याचं क्रेडिट, म्हणजे तेवढा कार्बन हवेतून काढल्याचं विकत मिळणारं प्रमाणपत्र, आगाऊ बुक केलं तर स्वस्तात पडेल. पत्रकावर हिरव्यागार समुद्राचा उपग्रहातून घेतलेला फोटो. धाकटा भाऊ म्हणतो, घेऊन टाकू. मला पटत नाही, पण नाही म्हणायला नेमका मुद्दा सापडत नाही. यातलं कुणाला कळतं का?

चहाबाज:
लोखंडवाल्यालाच लोखंड विकायला आला! एजंटला मानलं.

दोनापावलाकर:
शिरोलीकर, एजंटची निम्मी गोष्ट खरी आहे. उसाला केवडा पडला की तुमच्याकडे फेरस सल्फेट फवारतात ना, तसंच तिथलं आहे. दक्षिण महासागरात नायट्रेट, फॉस्फेट भरपूर, पण लोह नावाला. म्हणून वनस्पती प्लवक, म्हणजे ते तरंगणारं सूक्ष्म शेवाळ, वाढत नाही. हे जॉन मार्टिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने लावून धरलं. 1988 साली ते गमतीत म्हणाले होते की अर्धं टँकर लोह द्या, हिमयुग आणून दाखवतो. 1993 मध्ये ते वारले आणि त्याच वर्षी गालापागोसजवळ पहिला प्रयोग झाला. त्यानंतर डझनभर तरी झाले. लोह टाकलं की पाणी हिरवं होतं, यात आता वाद उरलेला नाही.

वाद पुढच्या टप्प्याचा आहे. हिरवं झालेलं सगळं खाली जात नाही. बहुतेक वरच्या वर खाल्लं जातं, कुजतं आणि कार्बन परत पाण्यात, तिथून हवेत. हजार मीटरच्या खाली गेला तरच तो शतकभर किंवा जास्त अडकून राहतो.

आता आपल्या घरचं उदाहरण. 2009 मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी मिळून दक्षिण महासागरात 'लोहाफेक्स' नावाचा असाच प्रयोग केला. 'पोलारस्टर्न' जहाज केपटाऊनहून निघालं. जर्मनीत इतका गदारोळ झाला की जहाज समुद्रात असतानाच प्रयोग थांबवायचा आदेश आला. जानेवारीअखेर परवानगी मिळाली. 300 चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात दोन वेळा दहा-दहा टन फेरस सल्फेट सोडलं. शेवाळ वाढलं, पण त्या पाण्यात सिलिका संपलेली होती. सिलिकेचं काचेसारखं कवच असलेले, जड होऊन बुडणारे डायटम नावाचे शेवाळ वाढलेच नाहीत. जे वाढलं ते कोपेपॉड नावाच्या बारीक समुद्री जीवांनी फस्त केलं आणि खोलवर जवळपास काहीच पोचलं नाही.

उलट 2004 च्या 'आयफेक्स' या तिथल्याच आधीच्या प्रयोगात सिलिका होती, डायटम वाढले आणि निदान निम्मा बहर हजार मीटरच्या खाली गेला. त्याचा निकाल छापून यायला 2012 उजाडलं. लोह तेच, महासागर तोच, निकाल दोन टोकांचे. अशा मालाचं आगाऊ बुकिंग कशाच्या जोरावर घेताय?

त्या फोटोवरही जाऊ नका. उपग्रहाला वरचा रंग दिसतो, खाली किती गेलं ते दिसत नाही.

नाखवा:
आमच्या हर्णैकडे टाकलं तर मासळी वाढेल काय ओ?

दोनापावलाकर:
नको रे बाबा. अरबी समुद्रात पावसाळ्यात खालचं पाणी वर येतं, खत तसंच भरपूर मिळतं. आणि साधारण दीडशे ते हजार मीटर खोलीत प्राणवायू आधीच नाममात्र आहे. वर आणखी शेवाळ वाढवलं तर ते खाली कुजताना उरलासुरला प्राणवायू खाईल, वर नायट्रस ऑक्साइड सुटेल. तो वायू तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट.

व्हँकुव्हरची माई:
मासळीचा विषय निघालाच म्हणून सांगते. आमच्या इथे कॅनडात 2012 मध्ये हायडा ग्वाई बेटांच्या पश्चिमेला शंभरेक टन लोहसंयुग टाकलं होतं. सामन मासे वाढतील आणि कार्बन क्रेडिट विकून पैसे वसूल होतील, या आशेवर एका छोट्या गावाने कर्ज काढून पैसे घातले. सरकारी चौकशी लागली. पुढच्या वर्षी काही ठिकाणी सामन भरपूर आले, पण ते लोहामुळेच आले हे कुणाला सिद्ध करता आलं नाही. विकायचं क्रेडिट तर राहूनच गेलं.

वाऱ्यावरची वरात नको:
म्हणजे सगळं थोतांडच की.

दोनापावलाकर:
असं मी म्हटलेलं नाही. संशोधन व्हायला हवं, आणि आतापेक्षा मोठं, जास्त दिवसांचं. महिनाभर जहाज ठेवून एवढ्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. समुद्रात कचरा टाकण्याला आळा घालणाऱ्या लंडन करारातल्या देशांनी 2008 मध्ये ठरवलं तेही हेच: खरं संशोधन असेल तर तपासून परवानगी, धंद्यासाठी नाही. माझा विरोध विक्रीला आहे.

हिशेबनीस:
शिरोलीकर, शास्त्र बाजूला ठेवा, आधी गिऱ्हाइकाचं पत्र पुन्हा वाचा. ते सीबीएएमसाठी, म्हणजे युरोपच्या सीमेवरच्या कार्बन करासाठी माहिती मागत असतील तर हे क्रेडिट तिथे चालतच नाही. समुद्रातलं असो की झाडांचं. तिथे तुमच्या मालाच्या उत्पादनात प्रत्यक्ष किती कार्बन निघाला तेवढंच मोजतात. तुमचा माल त्यात येतो का, ते कोडवरून कस्टम एजंटकडून तपासून घ्या. मग भट्टीची वीजबिलं, कोक, डिझेल, स्क्रॅपची खरेदी यांची महिनावार नोंद सुरू करा. क्रेडिटला घालणार होता ते पैसे छपरावरच्या सोलरला किंवा भट्टीच्या अस्तराला घाला, वीजबिलात दिसतील.

शिरोलीकर:
पत्र पाहिलं. सीबीएएमच आहे. "प्रत्यक्ष उत्सर्जन" असं स्पष्ट लिहिलंय, आम्ही कुणी शेवटपर्यंत वाचलंच नव्हतं. एजंटला फोन करून विचारलं, खोली कुठली आणि मोजणार कोण? म्हणाला, साहेबांना विचारून सांगतो. भावाला हा धागा पाठवलाय. हिशेबनीस, त्या नोंदींचा एखादा तयार तक्ता असेल तर द्याल का?

हिशेबनीस:
आहे. व्यनि करतो. भट्टी विजेवरची इंडक्शन की कोकवरची क्युपोला, तेवढं कळवा.