मदत हवी आहे: गाईंचं फॅट ३.८ वरून ३.० वर आलंय, दूध परत येतंय

हिरवी_वैरण
नमस्कार. कुणीतरी लवकर सांगा. होळीपासून आमच्या गाईंचं फॅट पडलंय, ३.८ लागायचं ते ३.० वर आलंय, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग) पण ८.१ च्या वर जाईना. काल सकाळचे दोन्ही कॅन डेअरीनं परत पाठवले. सासऱ्यांनी गाडीवरनं तसेच घरी आणले, निम्म्याचं दही लावलं आणि निम्मं रात्री बारापर्यंत चुलीवर आटवत बसलो. आम्ही पाण्याचा थेंब घालत नाही. दूध कमी नाही, उलट जरा वाढलंय, पेंड वाढवली तरी फॅट येईना. डेअरीचा दहा दिवसाचा दुधाचा पगार निम्म्यावर येणार आणि पेंडीची उधारी त्यातनंच भागवायची असते. काय करावं?

गोठा_सांगोला
दादा, गाई किती, कुठल्या, व्याल्या कधी, चारा काय, पेंड किती, धारा किती वाजता? यातलं काहीच लिहिलं नाही. असं कसं सांगणार.

भीमाकाठ
सरकी पेंड चालू करा. मी १५ वर्षं सरकी पेंड भिजवून घालतोय, माझं फॅट कधी ३.७ च्या खाली आलं नाही. गोळी पेंडीत काय भरतात देवाला माहीत. पहिली ती बंद करा.

उसाचा_पट्टा
वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, किती घालता ते सांगा आधी. आपल्याकडं कारखाना चालू असला की फुकट मिळतं म्हणून सगळे वाढ्यावरच जनावरं काढतात. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते अंगातलं कॅल्शियम धरून ठेवतं. आमच्या दोन गाई व्याल्या व्याल्या बसल्या होत्या, सलाईन लावून उठवाव्या लागल्या. तेव्हापासून आम्ही वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडतो आणि खनिज मिश्रण चुकवत नाही.

हिरवी_वैरण
दादा नाही, ताई म्हणा. दहा गाई आहेत, आठ एचएफ (होल्स्टीन), दोन जर्सी क्रॉस, मोहोळ तालुका. सरासरी १४ लिटर देतात. धारा पहाटे ५ आणि संध्याकाळी ५, मशीनवर. वाढं आता नाही, कारखाना बंद झाला. मक्याचा मुरघास (हिरव्या मक्याची कुट्टी हवाबंद मुरवलेली) आणि गोळी पेंड, एवढंच. मुरघास चांगला आहे, वास पण आंबटगोड येतो. पेंड आधी गाईला ५ किलो होती, फॅट पडलं म्हणून ८ केली.

दूधकट्टा_बार्शी
ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आपल्या सोलापूरच्या उन्हात एचएफ ठेवूच नये. पंढरपुरी म्हैस बघा, सात-आठ फॅट, ऊन सोसते, कडब्यावर सुद्धा दूध देते. आम्ही चार एचएफ विकल्या आणि म्हशी घेतल्या.

गोठा_सांगोला
बार्शीकर, त्यांनी गाई विकू का असं विचारलेलं नाही. दहा गाईंचं कर्ज अंगावर असेल तर म्हशी घ्यायला पैसा कुठनं आणायचा? आणि पंढरपुरी १४ लिटर देते का, ते पण सांगा.

दूधकट्टा_बार्शी
लिटर कमी, पण पाण्यासारखं दूध नाही आणि परत येत नाही. मी अनुभवाचं सांगितलं.

माळावरचा_गोठा
म्हैस-गाय राहू द्या जरा. ताई, तुम्ही दोन गोष्टी लिहिल्या, दूध वाढलं आणि फॅट पडलं. हे दोन्ही बरोबर झालं की मी पहिली कोरड्या चाऱ्यावर शंका घेतो. कडबा घालता का? आणि मुरघासाची कुट्टी केवढी आहे? मूठभर हातात घेऊन बघा आणि इथं लिहा.

हिरवी_वैरण
कडबा होळीच्या आधीच संपला, यंदा ज्वारी कमी पेरली होती. मुरघास असल्यावर कडबा कशाला, असं सगळे म्हणाले. कुट्टी एकदम बारीक आहे. दिवाळीत नवीन मशीन घेतली, आधीच्या मशीनला बोटभर तुकडे पडायचे, आता गव्हाच्या दाण्याएवढी पडते. गाई गव्हाणीत काडी सुद्धा शिल्लक ठेवत नाहीत, म्हणून आम्ही खूश होतो.

माळावरचा_गोठा
तिथंच घोटाळा आहे ताई. मुरघास वाईट नाही, पण गाईला रवंथ करायला लांब काडी लागते. रवंथ केला की लाळ सुटते, लाळेनं पोटातली आंबट कमी होते, आणि चोथा पोटात नीट कुजला तर फॅट तयार होतं. बारीक कुट्टी गाय नुसती गिळते. त्यात तुम्ही पेंड ५ ची ८ केली, म्हणजे पोट अजून आंबट. दूध वाढलं, फॅट पडलं. पेंड किती वेळा देता?

उद्या दुपारी एक काम करा. गाई बसलेल्या असताना मोजा, दहातल्या किती जणी रवंथ करतायत. निम्म्याच्या वर पाहिजेत. आणि शेण बघा, पातळ पडतंय का, त्यात मक्याचे अख्खे दाणे दिसतात का.

हिरवी_वैरण
पेंड दोन वेळा, धारेला चार-चार किलो. आत्ता गोठ्यात जाऊन आले, आठ बसल्यात आणि दोघीच रवंथ करतायत. शेण पातळ आहे, बुडबुडे पण आहेत. सासूबाई महिनाभर म्हणत होत्या की शेण्या थापता येईनात, शेण हातातनं गळतंय. आम्ही म्हणायचो उन्हानं असेल.

माळावरचा_गोठा
सासूबाईंचं बरोबर होतं. आता पेंड हळूहळू सहावर आणा, एकदम तोडू नका. ढोबळ हिशोब, तीन लिटर दुधाला एक किलो आणि अंगासाठी दीड किलो. ती चार वेळात द्या, एका वेळी दोन किलोच्या वर नको. गाईमागं तीन-चार किलो कडबा, बोटभर तुकडा, आणि पेंडीच्या आधी घाला. खाण्याचा सोडा दिवसाला शंभर-दीडशे ग्रॅम, दोन वेळात, पेंडीत मिसळून.

भीमाकाठ
सोडा घालू नका. सोड्यानं गाई उलटतात, आमच्या शेजाऱ्याच्या तीन गाई गाभण राहिल्या नाहीत.

माळावरचा_गोठा
भाऊ, गाई उलटायला दहा कारणं असतात. उन्हाळ्यात एचएफ माजच नीट दाखवत नाही. शेजाऱ्यांनी डॉक्टर बोलावला होता का? सोडा पोटातली आंबट मारायला आहे आणि ताई तो काही जन्मभर घालणार नाहीत.

काळी_माती
मी पण फॅट मशीनवर शंका घेईन. कॅनमधलं दूध वरखाली ढवळून नमुना घेतात का ते समोर उभं राहून बघा. आणि धार पूर्ण काढा, शेवटच्या धारेत फॅट जास्त असतं. आमचा गडी मशीन लवकर उतरवायचा, तिथंच दोन-तीन पॉइंट (०.२-०.३ फॅट) जात होते.

उसाचा_पट्टा
मधेच विचारतो, २०२४ मध्ये दुधाला लिटरमागं पाच रुपये सरकारी अनुदान होतं त्याला कानातला बिल्ला लागायचा. आमच्या दोन गाईंचे बिल्ले पडलेत. नवीन कोण मारून देतं?

गोठा_सांगोला
सरकारी दवाखान्यात जा, बारा आकडी नंबर असतो, जुना नंबर लिहून न्या. आणि ताई, उन्हाचं पण बघा. एचएफला पंचवीस-सव्वीस डिग्रीच्या पुढं त्रास सुरू होतो, आपल्याकडं एप्रिलात चाळीसच्या वर. आम्ही दुपारी गव्हाण रिकामी ठेवतो, चारा रात्री आणि पहाटे घालतो. पाणी चोवीस तास समोर. पत्र्यावर उसाचं पाचट टाकलंय, अंगावर पाणी मारून पंखा लावतो. नुसतं पाणी मारून वारं नसेल तर गोठ्यात दमट होतं आणि गाय जास्त धापते.

दूधकट्टा_बार्शी
लम्पीची लस पावसाळ्याच्या आधी घ्या सगळ्यांनी.

काळी_माती
एसएनएफ ८.१ आहे म्हणून सांगतो, दगडीची (कासेच्या सुजेची) तपासणी करा. दिसत नाही पण सडात असते. डेअरीकडं सीएमटीचं, म्हणजे दगडी ओळखायच्या चाचणीचं, औषध मिळतं, प्रत्येक सडाचं दूध वेगळं घेऊन बघायचं, घट्ट झालं की समजायचं.

हिरवी_वैरण
बारा दिवसांनी लिहितेय. मंगळवेढ्याकडचा मालदांडीचा कडबा आणला, महाग पडला. पेंड सहावर आणली, चार वेळा करतोय, रात्री दहाची पाळी मी घेतलीय. काल दुपारी नऊ बसल्या होत्या, सहा जणी रवंथ करत होत्या. फॅट सकाळी ३.४, संध्याकाळी ३.६. दूध गाईमागं अर्धा-पाऊण लिटर कमी झालं पण एकही कॅन परत आला नाही. एसएनएफ मात्र ८.३ वर अडकलंय. सीएमटी केली तर काळ्या कपाळीच्या गाईच्या मागच्या डाव्या सडाचं दूध चिकासारखं घट्ट झालं. डॉक्टरांनी पाच दिवसाचा कोर्स दिलाय, तिचं दूध वेगळं काढून टाकतोय. ती बाजूला काढल्यावर एसएनएफ वर येईल का अजून काही आहे?

माळावरचा_गोठा
एक सड दहा गाईंचं एसएनएफ इतकं पाडणार नाही, बाकीच्यांची पण प्रत्येक सडाची सीएमटी करा. उन्हात चारा कमी खाल्ला तरी एसएनएफ उतरतं, रात्रीचा चारा वाढवा. कोर्स संपल्यावर दूध किती दिवस डेअरीला द्यायचं नाही ते डॉक्टरांकडनं लिहून घ्या.

भीमाकाठ
कडबा शेकडा काय भावानं पडला ताई? आणि पेंढी केवढी आहे, आमच्याकडं आता दोन पेंढ्यांची एक करून विकतायत.