जेलला एक आयपी पुरे का चार द्यायचे?

खटपट्या: भाड्याच्या सर्व्हरवर फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम आहे, त्यात सहा जेल, म्हणजे एकमेकांपासून वेगळे ठेवलेले कप्पे. (डॉकरवाल्यांसाठी: खोल्या वेगळ्या, स्वयंपाकघर एकच, म्हणजे कर्नल, सिस्टीमचा गाभा.) आमचे सर म्हणतायत प्रत्येक जेलला दोन-दोन पब्लिक आयपी (इंटरनेटवरून थेट दिसणारे पत्ते) देऊन टाक, कटकट मिटली. मला हे पटत नाही. पब्लिक आयपी फक्त प्रॉक्सीच्या जेलला द्यावा (बाहेरून येणारं सगळं तोच घेऊन आत वाटतो), बाकीच्यांना लूपबॅकवर, म्हणजे मशीनच्या आतल्याआतल्या नेटवर्कवर, 10 ने सुरू होणारे प्रायव्हेट पत्ते आणि बाहेर जायला पीएफ या फायरवॉलचं नॅट, म्हणजे सगळ्यांनी एकाच पब्लिक पत्त्यावरून बाहेर जायचं. पूर्वी एसएसएलच्या प्रत्येक साइटला वेगळा आयपी लागायचा, आता एसएनआय आहे (ब्राउझर जोडतानाच साइटचं नाव सांगतो, म्हणून एका आयपीवर अनेक साइट चालतात), मग कशाला? सरांच्या समाधानासाठी काल एका जेलला दोन दिलेत, बाकी थांबवलंय.

जुना_खोड: सरांचं बरोबर आहे राव. फ्रीबीएसडी 7.2 येईपर्यंत, म्हणजे 2009 पर्यंत, एका जेलला एकच आयपीव्ही4 मिळायचा, त्यात आम्ही काय काय कसरती केल्यात ते आमचं आम्हाला ठाऊक. आता सोय आहे तर वापरा की. मेलच्या जेलला तर स्वतःचा आयपी हवाच, नाहीतर वेबसाइटच्या जेलमधून कुणी स्पॅम सोडला की तुमची बिलंपण लोकांच्या स्पॅममध्ये जाणार. आणि नॅटमागे लॉग बघितलेत का कधी? सगळे व्हिजिटर प्रॉक्सीच्याच पत्त्यावरून आलेले दिसतात.

चिकट_अ‍ॅडमिन: लॉगचं रडगाणं नको, प्रॉक्सी प्रोटोकॉल चालू केला की प्रॉक्सी व्हिजिटरचा खरा पत्ता पुढे कळवतो. मेलचं मान्य, पण ते एका जेलचं झालं, सहाचं नाही. आयपी फुकट मिळायचे दिवस गेले, अ‍ॅमेझॉनसुद्धा फेब्रुवारी 2024 पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही4 ला तासाला अर्धा सेंट लावतं, महिन्याचे साडेतीन डॉलरच्या वर झाले, गुणिले बारा करा (सहा जेल, दोन-दोन आयपी) आणि सरांना दाखवा.

रात्रपाळी: पैशाचं सोडा, खरी मेख वेगळीच आहे. व्हीनेट (जेलचं स्वतंत्र नेटवर्क) नसलेल्या जेलला स्वतःचं 127.0.0.1, म्हणजे फक्त आतल्याआत चालणारा लोकलहोस्टचा पत्ता, नसतं. आतला एखादा प्रोग्रॅम लोकलहोस्टवर ऐकत बसायला गेला की कर्नल गुपचूप त्याला यादीतल्या पहिल्या आयपीवर बसवतो. पहिला पब्लिक असेल तर? आमच्याकडे पोस्टग्रेस डेटाबेस असाच महिनाभर पब्लिकवर ऐकत होता, कॉन्फिगमध्ये लोकलहोस्ट लिहिलेलं म्हणून सगळे निवांत, अ‍ॅपपण व्यवस्थित चालत होतं कारण आतून जोडतानाही तीच अदलाबदल होते. म्हणून आयपी कितीही द्या, पहिला प्रायव्हेटच ठेवा.

जुना_खोड: हा दोष जास्त आयपींचा नाही, क्रम न बघणाऱ्याचा आहे. एकच आयपी देऊन तो पब्लिक ठेवलात तरी हेच होणार.

रात्रपाळी: बरोबर, पण दोन-दोन दिले की क्रम चुकवायची संधी सहा वेळा मिळते ना काका. त्यापेक्षा व्हीनेट घ्या, प्रत्येक जेलला पूर्ण वेगळा नेटवर्क स्टॅक, स्वतःचा लूपबॅक. 12.0 पासून जेनेरिक कर्नलमध्येच आहे.

चिकट_अ‍ॅडमिन: व्हीनेटच्या जेल बाहेर जोडायला बहुतेक ब्रिज लावतात, पण भाड्याच्या मशीनवर ते जपून. बरेच होस्टिंगवाले पोर्टावर एकच मॅक (नेटवर्क कार्डाचा पत्ता) चालू देतात, दुसरा दिसला की पोर्ट बंद, मग बसा तिकीट टाकत.

खटपट्या: कालच्या जेलमध्ये सॉकस्टॅट (कोण कुठल्या पत्त्यावर ऐकतोय ते दाखवणारी कमांड) मारून बघितलं. रेडिस डेटाबेस, कॉन्फिगमध्ये 127.0.0.1, ऐकतोय पब्लिकवर. आलोच.